गोरखचं वर्ष

"आत येताय, का आजबी तसंच जाणार?"

चहाची किटली उलटी करून चोथा झटकत एक जण शाळेच्या दारात उभा होता. तिशीतला, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मी फाटकाबाहेरच्या लिंबाला टेकलो होतो. मला वाटत होतं, मी कुणाला दिसत नाही.

"मी... पोराचा दाखला विचारायला आलोय," मी म्हणालो.

"रविवारी?" तो हसला नाही. "मागल्या रविवारीबी दाखलाच हुता का? या. मागं बसा. बोलायचं नसलं तर नका बोलू."

असा मी आत गेलो. बार्शीतल्या एका शाळेतला तिसरीचा वर्ग. भिंतीवर पाढे, फळ्याच्या कोपऱ्यात हजेरीचे आकडे. पोरांच्या बुटक्या बाकांवर सात-आठ मोठी माणसं गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. पुढं वसंतराव. निवृत्त कंपाउंडर, सत्तरीला आलेले, एका कानानं कमी ऐकायचे, म्हणून बोलणाऱ्याकडं मान तिरकी करून बघायचे. त्यांना दारू सोडून बावीस वर्षं झाली होती. एकेक जण आपलं नाव सांगायचा, मी दारुडा आहे म्हणायचा आणि मग बोलायचा. मध्ये कुणी बोलत नव्हतं, कुणी शहाणपण शिकवत नव्हतं. माझी पाळी आली तेव्हा मी म्हणालो, "मी सिद्राम." पुढचे शब्द निघाले नाहीत. वसंतराव म्हणाले, "आज एवढं पुष्कळ झालं."

मग चहा आला. किटलीवाल्यानं मला अर्धाच कप दिला.

"नव्या माणसाला अर्धाच देतो," तो हळूच म्हणाला. "हात थरथरत्यात. मलाबी अर्धाच दिला हुता. मी गोरख."

या जागेचा पत्ता माझ्या बायकोनं, मंगलनं शोधला होता. मी पिठाच्या गिरणीत कामाला होतो. एक दिवस पिऊन काम करताना अंगठा पट्ट्यात गेला. दवाखान्यात मला टाके घालेपर्यंत ती बाहेर भिंतीवरचे कागद वाचत बसली. त्यात एक कागद दारू सोडू पाहणाऱ्यांसाठी होता. त्याच्यावरचा पत्ता तिनं पेनानं तळहातावर उतरवून घेतला. घरी आल्यावर तो हात माझ्यापुढं धरला. "पुसायच्या आत जाऊन या," एवढंच म्हणाली. अकरा वर्षांच्या संसारात ती माझ्याशी इतक्या शांतपणे कधी बोलली नव्हती. मला त्या आवाजाचीच भीती वाटली.

पहिले आठ दिवस अंगातून घाम आणि पोटातून पाणी निघालं. पंधरा दिवसांनी जेवण जायला लागलं. महिन्यानं पोरगा माझ्याजवळ येऊन झोपला. सगळे म्हणायचे, सिद्रामचा चेहरा बदलला. पण दारू उतरत गेली तसतसं दुसरं काहीतरी वर येत होतं. गिरणीचा पट्टा सैल पडून सर्रर्र असा आवाज झाला की माझ्या तळव्यांना घाम फुटायचा. मी मोटार बंद करून रस्त्यावर येऊन उभा राहायचो. दळणाला आलेल्या बाया एकमेकींकडं बघायच्या. मंगल विचारायची, "काय हुतंय?" मी म्हणायचो, "चक्कर आली." पीत होतो तेव्हा तो आवाज लांबून यायचा. आता तो कानाशी आला होता.

गटात मी सांगितलं होतं, गिरणीत असतो. खोटं नव्हतं. त्याच्या आधी काय करत होतो, ते कुणी विचारलं नाही.

गोरख दुधाचा टेम्पो चालवायचा. वैराग रोडला माझं गाव त्याच्या वाटेवरच होतं. मीटिंग सुटली की तो मला टेम्पोत घ्यायचा आणि फाट्यावर सोडायचा. रिकामे कॅन मागं खडखडत असायचे. तो मला आण्णा म्हणायचा. संध्याकाळी सातला तलफ आली की मी त्याला फोन करायचो. तो काहीतरी बोलत राहायचा. म्हशीचं, रस्त्याचं, त्याच्या सासऱ्याच्या दाढदुखीचं. आठ वाजले की म्हणायचा, "चला, दुकान बंद झालं आसंल. जेवा आता." त्याच्यामुळं मी वाचलो. हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो. पुढचं सगळं सांगायच्या आधी हे सांगितलं पाहिजे.

मे महिन्यातल्या एका रविवारी गोरखला वर्ष पूर्ण झालं. कुणीतरी पेढे आणले. वसंतरावांनी त्याला पुढं बसवलं. म्हणाले, "आज तू बोल. सगळं बोल."

गोरख बराच वेळ बाकावरच्या रेघा बोटानं खरवडत राहिला.

"माझा थोरला भाऊ अंबादास," तो म्हणाला. "विहिरीच्या कामाला जायचा. परांड्याच्या बाजूला पंचावन्न फूट विहीर चालली हुती. यारीच्या दोराला लटकलेल्या बकेटात बसून वर येताना पडला अन् मेला. मी तवा सुरतला मागावर हुतो. तिसऱ्याच्या दिवशी पोचलो. गावात शिरल्या शिरल्या पयलं काय कानावर आलं? पिऊन तर्र हुता म्हनून पडला. तोंडाला वास, शर्टाला वास. पंचनाम्यात लिवलं, डॉक्टरनं लिवलं."

मी खिडकीकडं बघितलं. खिडकी उघडीच होती, तरी हवा नव्हती.

"आमच्या घरात कुणी पीत नव्हतं. बाप गेल्यावर त्यानं मला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. अन् हा असा चोरून प्यायचा? मला लई राग आला. वैनी रडून सांगायची, भावजी, त्येंनी कधी थेंब घेतला न्हाई. मी तिला म्हनलो, गप बस, सगळ्या जगाला वास आला, तुलाच कसा आला न्हाई? ती पोरीला घेऊन माहेरी गेली. मी बघायला गेलो न्हाई. सुरतबी सोडली. त्याच्या रागानं प्यायला लागलो. दोन वर्षं पीत हुतो. एक दिवस टेम्पो कॅनॉलच्या कठड्याला लागून उभा राहिला. चाक हवेत. मी आत बसून इचार केला, आपल्या भावागत मरायचं का? लोकांनी तोंडाचा वास घिऊन जाळायचं का? त्या दिवसापासून बंद. तलफ आली की मी भावाला डोळ्यापुढं आनतो. वास येनारं मडं. तेच माझं औषध हाय."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून शाळेच्या मागं गेलो आणि भिंतीला धरून ओकलो.

गोरख तांब्या घेऊन धावत आला. माझ्या पाठीवरनं हात फिरवत म्हणाला, "आण्णा, पेढा बाधला का?"

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत गेलो नाही. सकाळी दहाला वसंतरावांच्या घरी गेलो. ते ओट्यावर गवार मोडत बसले होते. त्यांच्या चांगल्या कानाच्या बाजूला मी बसलो.

"मी गिरणीच्या आधी यारी चालवायचो," मी म्हणालो.

त्यांचे हात थांबले.

"त्या विहिरीवर मी हुतो. अंबादास खाली. बाकीचे दोघं डिझेल आणायला गेलते. दुपारचं जेवण झालतं, अन् मी जेवणाआधी अर्धी बाटली घेतलेली. तो बकेटात बसला, हात केला, मी वर घ्यायला लागलो. निम्म्यात आल्यावर माझा पाय ब्रेकवरनं घसरला. ड्रम मोकळा सुटला. दोर सर्रर्र खाली."

"आणि वास?"

"मी शिडीनं खाली गेलो. कमरेला बाटली हुती. त्याच्या अंगावर ओतली. वर येऊन बोंब मारली, अंबादास पिऊन पडला म्हणून."

वसंतरावांनी गवारीचं ताट बाजूला सरकवलं. घरातून त्यांच्या सुनेनं चहा हवा का विचारलं. त्यांनी नुसता हात हलवला.

"गोरखला सांगितलं तर तो पिईल," मी म्हणालो. "त्याचं सगळं वर्ष त्या वासावर उभं हाय."

"पिऊ शकतो."

"अन् नाही सांगितलं तर?"

"तर तू पिशील. आज नाही, उद्या नाही. पण पिशील." त्यांनी मान तिरकी करून माझ्याकडं बघितलं. "सिद्राम, मला एकच सांग. तुला सांगायचंय ते कुणासाठी? तुझ्या छातीवरचा दगड उतरावा म्हणून, का अंबादासच्या बायकोसाठी?"

मी ताटातली एक शेंग उचलून परत ठेवली.

"मग ते ठरव," ते म्हणाले. "अन् सगळं सांगणार असशील तरच तोंड उघड. अर्धं सांगून माणूस सुटत नाही."

त्यांना कळलं होतं की काय, कुणास ठाऊक. मी त्यांनाही सगळं सांगितलं नव्हतं.

तो आठवडा कसा गेला, ते सांगता येणार नाही. मंगलला मी बुधवारी सांगितलं. ती भाकरी थापत होती. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी तिनं उलथली नाही. शेवटी म्हणाली, "त्या बाईला किती पोरं हायत?" मी म्हणालो, "एक पोरगी." ती म्हणाली, "मग जावा."

रविवारी मीटिंग सुटली. ऊन अजून तापलेलंच होतं. मी टेम्पोत बसलो. बार्शी मागं पडली तेव्हा म्हणालो, "गोरख, गाडी बाजूला घे."

"का वो आण्णा, मळमळतंय?"

"घे बाजूला."

त्यानं बाभळीखाली टेम्पो घेतला. मी समोरच्या काचेकडं बघत सांगितलं. यारी, ब्रेक, बाटली. वसंतरावांना सांगितलं होतं तेवढंच. इंजिन चालू होतं. मागं कॅन थरथरत होते. माझं संपल्यावरही तो तसाच बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर. मला वाटलं आता मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"तूच शिदू यारीवाला?" त्यानं विचारलं. पहिल्यांदाच तो मला 'तू' म्हणाला.

"हो."

त्यानं गाडी वळवली. परत बार्शीच्या दिशेनं. रस्त्याला एक देशी दारूचं दुकान होतं. त्याच्या दारात टेम्पो उभा केला. आम्ही दोघं त्या पाटीकडं बघत होतो.

"गोरख, नको," मी म्हणालो.

"उतर. एक बाटली घिऊन ये."

"गोरख..."

"मी प्यायला न्हाई सांगत. आन."

मी उतरलो. त्या काउंटरपुढं मी सत्तर दिवसांनी उभा होतो. बाटली हातात आल्यावर माझी बोटं आपोआप बुचाभोवती गेली. ती मी तशीच धरून आणली. गोरखनं ती माझ्या मांडीवर ठेवायला लावली आणि गाडी वैरागच्या रस्त्याला घातली. माझा फाटा आला, गेला.

अंबादासच्या बायकोचं, सुलाचं माहेर वैरागच्या अलीकडं होतं. पत्र्याचं घर, पुढं शेणानं सारवलेलं अंगण. ती लहान हातोडीनं चिंचा फोडत बसली होती. शेजारी सात-आठ वर्षांची पोरगी चिंचोके गोळा करत होती. गोरखला बघून ती उठली, डोक्यावर पदर घेतला. तीन वर्षांत तो पहिल्यांदा त्या दारात आला होता.

"भावजी? घरी सगळं बरं हाय न्हवं?"

"पोरीला शेजारी लाव, वैनी."

पोरगी गेली. गोरखनं मला अंगणाच्या मधोमध उभं केलं.

"ह्यो शिदू. यारीवाला. सांग हिला."

मी सांगितलं. सुला उभ्यानं ऐकत होती. हातोडी हातातच होती. माझं संपल्यावर गोरख म्हणाला, "आता दाखव. कसं वतलंस त्ये दाखव."

"गोरख, आता सांगितलंय की सगळं..."

"दाखव!"

मी बूच फोडलं. अर्धी बाटली माझ्याच छातीवर ओतली आणि उरलेली जमिनीवर ठेवली. शर्ट अंगाला चिकटला. वास वर आला. तोच वास, विहिरीच्या तळातला, ओल्या मुरमाचा आणि त्याचा मिळून झालेला. अंगण फिरल्यासारखं झालं. माझ्या तोंडात पाणी सुटलं आणि त्याच क्षणी मला स्वतःची इतकी किळस आली की मी खाली बसलो.

सुला पुढं आली. माझ्यासमोर उकिडवी बसली. तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात काहीतरी विचारावं तसा.

"शर्टावरच वतली का तोंडातबी?"

"तोंडातबी."

"मेलेल्या मानसाच्या तोंडात?"

हे कुणी विचारलं नव्हतं. पोलिसांनी नाही, यारीच्या मालकानं नाही, वसंतरावांनी नाही. तीन वर्षं मी हाच प्रश्न कुणी विचारू नये म्हणून पीत होतो.

"मेला नव्हता," मी म्हणालो.

गोरखच्या घशातून कसला तरी आवाज आला. सुलानं त्याच्याकडं बघितलंही नाही.

"त्ये काय बोलले?"

"पाणी मागितलं. म्हणाला, शिदू, पाणी."

"अन् तुमी?"

"पाण्याची घागर वर हुती. वर जाऊन आणायला वेळ लागला असता. माणसं आली असती. तो बोलला असता." मी शर्टाचं ओलं टोक मुठीत धरलं. "मी बाटली त्याच्या तोंडाला लावली. त्याला पाणी वाटलं. दोन घोट घेतले. मग त्याला कळलं. त्यानं तोंड फिरवलं."

"फिरवलं?"

"हो. दात गच्च आवळले. मग मी शर्टावर ओतली."

"तोंड फिरवलं," ती पुन्हा म्हणाली. तिचा चेहरा आधी तसाच राहिला, मग हळूहळू विस्कटला. पण ती माझ्यापुढं रडली नाही. उठली, आत गेली, दार लावून घेतलं. आतून मोठा आवाज आला नाही. नुसता भांड्यांच्या फळीला कुणीतरी धरून उभं असल्यासारखा पितळेचा बारीक खणखणाट येत राहिला.

दार उघडलं तेव्हा तिनं तोंड धुतलेलं होतं.

"गावातल्या पारावर माझ्या मालकाला बेवडा म्हनले," ती म्हणाली. "माझ्या पोरीला शाळेत अजून म्हनत्यात. उद्या सकाळी माझ्या सासरच्या गावाला या. पारावर हुबं राहून ह्येच सांगा. दोन घोट घेतले त्येबी सांगा, अन् तोंड फिरवलं त्येबी. मग पोलिसांकडं जावा, न्हाईतर कुठंबी जावा."

"येतो."

"माफी मागू नका. माझ्याजवळ ती न्हाई."

मी मागं वळलो तेव्हा गोरख अंगणात नव्हता. टेम्पोही नव्हता. आणि मी जमिनीवर ठेवलेली अर्धी बाटली नव्हती.

सोमवारी मी पारावर उभा राहून सांगितलं. दोघातिघांनी मारलं, सरपंचांनी सोडवलं. तिथून मी पोलीस ठाण्यात गेलो आणि जबाब दिला. केस उभी राहिली, पुढं शिक्षा झाली, ती भोगून आलो. मंगलनं गिरणीत माझ्या जागी काम धरलं आणि घर चालवलं. सुलाच्या पोरीच्या शाळेत हेडमास्तरांनी सगळ्या वर्गांपुढं सांगितलं की तिचा बाप पीत नव्हता, असं ऐकलं. मी त्यांच्या दारात परत कधी गेलो नाही. त्या दिवसापासून आजवर, तेरा वर्षं, मी घेतलेली नाही. अंबादास तोंड फिरवतो ते मला आजही दिसतं. ते कमी झालेलं नाही आणि कमी व्हावं असं मी कुणाला म्हणतही नाही.

पण मला सांगायचं होतं ते जामिनावर सुटल्यानंतरच्या एका रविवारचं. गोरख त्या दिवसापासून गटात आला नव्हता. वसंतराव दोनदा त्याच्या घरी जाऊन आले होते. पहिल्यांदा तो दारातच पडलेला होता. दुसऱ्यांदा त्याच्या बायकोनं दार उघडलं नाही. वसंतरावांनी मला एवढंच सांगितलं. ती बाटली माझ्या हातानं आणलेली होती.

त्या रविवारी निम्मी मीटिंग झाली असेल. दारात सावली पडली. गोरख होता. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. मी उठायला लागलो. मी गेलो तर तो बसेल, असं मला वाटलं. वसंतरावांनी हाताच्या खुणेनं मला बसवलं.

गोरख माझ्यापासून सगळ्यात लांबच्या बाकावर बसला. कुणीतरी त्याच्यापुढं चहा ठेवला. त्याचे हात इतके थरथरत होते की त्यानं कपाला हातच लावला नाही. त्याची पाळी आली.

"मी गोरख," तो म्हणाला. "मी दारुडा हाय. माझा आज दुसरा दिवस."

त्यानं चहाचा कप बाजूला सरकवला.

"माझा भाऊ पीत नव्हता."

मग पहिल्यांदा त्यानं मान वर केली. पण माझ्याकडं नाही, वसंतरावांकडं बघितलं.

"आता तलफ आली की कुणाला डोळ्यापुढं आनू?" त्यानं विचारलं. "दुसरं कायतरी सांगा मला. दुसरं कायबी."

वसंतरावांनी मान तिरकी केली, त्याला नीट ऐकू आलं होतं तरी. मग ते आपल्या खुर्चीवरून उठले, पोरांच्या त्या बुटक्या बाकावर गोरखच्या शेजारी अवघडून बसले आणि म्हणाले, "मला माहीत नाही, बाबा. आज इथंच बस."